वाचकांचे प्रश्न : वजनाच्या ऑपरेशनसाठी सर्जन निवडताना

या विषयावर आलेल्या बहुतेक पत्रांत 'चांगला सर्जन सुचवा' अशीच मागणी आहे. नावं आम्ही सुचवत नाही. सर्जनसमोर बसल्यावर काय विचारायचं आणि कागदांत काय बघायचं, ते मात्र सांगता येईल.

प्रश्न : माझं वय 41, उंची 160 सेंमी, वजन 110 किलो. आठ वर्षांपासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. रात्री छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं. तीन सर्जनना भेटले. एकांनी स्लीव्ह सांगितली, दुसऱ्यांनी बायपास, तिसऱ्यांनी मिनी बायपास. पहिले म्हणाले, "आमच्याकडे पाच हजार ऑपरेशनं झालीत, 70 टक्के वजन उतरतं." त्यांनी पुढच्या गुरुवारची तारीखही दिली. एंडोस्कोपी अजून कोणीच सांगितलेली नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : गुरुवारची तारीख आधी रद्द करा. तीन डॉक्टरांची तीन मतं पडली, यात वावगं काही नाही. पण तुम्हाला जळजळ होते हे ऐकूनही अन्ननलिकेत डोकावायच्या आत तिघांनी मत देऊन टाकलं, हे खटकतं.

स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. त्या नळीत दाब वाढतो आणि आम्ल वर ढकललं जातं. फिनलंडमधल्या एका चाचणीत 10 वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी केली, तेव्हा स्लीव्हवाल्यांपैकी 31 टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज आढळली. बायपासवाल्यांत हे प्रमाण 7 टक्के होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलीची छोटी पिशवी करतात आणि तिला आतडं जोडतात. आम्ल बनवणारा मोठा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. मिनी बायपासमध्ये दोनाऐवजी एकच जोड असतो, ऑपरेशन लवकर होतं, पण आतड्यातलं पित्त जठराच्या त्या छोट्या पिशवीत उलटं येण्याची शक्यता राहते. त्यामुळे तुमच्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा किंवा मोठा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) निघाला, तर पारडं बायपासकडे झुकेल. मधुमेह जुना असला तरी ते तिकडेच झुकतं. एंडोस्कोपी स्वच्छ निघाली तर स्लीव्हचा विचार करता येतो, पण जळजळ वाढू शकते हे सर्जननी स्वतःहून बोलून दाखवायला हवं.

आता ते 70 टक्के. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 धरला तर तुमच्या उंचीला 64 किलो वजन येतं. म्हणजे तुमचं 'जादा वजन' 46 किलो. ते 70 टक्के या 46 चे असतात, 110 चे नव्हे. हिशेब 32 किलोचा झाला आणि काटा साधारण 78 वर थांबला. त्यातलंही थोडं पुढच्या काही वर्षांत परत चढतं. हा आकडा चांगलाच आहे, मधुमेहावर त्याचा मोठा परिणाम होतो. फक्त 'एकूण वजनाच्या किती टक्के, आणि किती वर्षांनी?' असं विचारा, म्हणजे तीन दवाखान्यांचे आकडे एका मापाने तोलता येतील.

'पाच हजार' या आकड्यात 'आमच्याकडे' हा शब्द लबाड आहे. त्यात चार सर्जन आणि वीस वर्षं असू शकतात. विचारायचं ते असं : गेल्या 12 महिन्यांत तुम्ही स्वतः किती केली? त्यात स्लीव्ह किती, बायपास किती? अमेरिकेतल्या मान्यता-कार्यक्रमात पूर्ण दर्जाच्या केंद्राला वर्षाला किमान 50 स्टेपलरची (जठर-आतडं कापून टाके मारणाऱ्या यंत्राची, म्हणजे स्लीव्ह-बायपाससारखी) ऑपरेशनं लागतात, तो अंदाज हाताशी ठेवा. ज्यांच्याकडे शंभरातली 98 स्लीव्ह आहेत, ते तुम्हाला स्लीव्हच सुचवणार.

हाताच्या सफाईचा फरक किती पडतो, याचा एक चोख पुरावा आहे. 2013 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या 20 सर्जननी आपापल्या बायपासची एकेक चित्रफीत दिली आणि इतर सर्जननी नाव न कळता तिला गुण दिले. सगळ्यात कमी गुणांच्या चौथ्या हिश्शातल्या सर्जनच्या रुग्णांत गुंतागुंतीचं प्रमाण 14.5 टक्के निघालं, सगळ्यात वरच्या हिश्शात 5.2 टक्के. चित्रफीत ज्याची त्याने निवडलेली होती, तरी एवढा फरक! रुग्णाला फीत बघून काही कळणार नाही. पण तुमचे फॅमिली डॉक्टर, आणि विशेषतः भूल देणारे डॉक्टर, शहरातल्या कोणाचा हात कसा आहे हे जाणून असतात. ते तोंडावर बोलणार नाहीत. 'तुमच्या बहिणीचं करायचं असतं तर कोणाकडे नेलं असतं?' असं विचारून बघा.

यानंतरचा प्रश्न गळतीचा. स्टेपलरने शिवलेली रेघ कुठे तरी उसवते आणि आतलं पोटात झिरपतं. स्लीव्हमध्ये हे बहुतेक वेळा सगळ्यात वर, अन्ननलिकेच्या जोडाजवळ होतं. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, आणि नळी मध्यावर पिळली किंवा आवळली गेली तर सगळा दाब वर साचतो. चांगल्या केंद्रांत शंभरात एखाद्याला हे होतं. 'आमच्याकडे आजवर एकही नाही' असं उत्तर आलं, तर एक तर ऑपरेशनं थोडी झाली आहेत, किंवा डिस्चार्जनंतर मोजणं थांबवलं आहे. ज्यांना स्वतःच्या दोन-तीन गळत्या आठवतात, त्या कशा निस्तरल्या हे जे सांगतात, त्यांच्याकडे जावं.

ऑपरेशनआधी या तपासण्या होतात की नाही पाहा : एंडोस्कोपी, पित्ताशयाच्या खड्यांसाठी सोनोग्राफी, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, बी12, ड जीवनसत्त्व, लोह. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची चाचणी. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची भेट, केवळ सहीपुरती नको. यकृत आक्रसावं म्हणून साधारण दोन आठवडे कमी कॅलरीचा आहार देतात. मोठं, चरबीने भरलेलं यकृत जठरावर पडून राहतं आणि सर्जनला नेमका वरचा कोपरा दिसत नाही. तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर सर्जनना जरूर सांगा. ती किमान 3 दिवस आधी बंद करतात, आणि कमी खाण्याच्या त्या दोन आठवड्यांत चालू ठेवायची का हे मधुमेहाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. नाही तर साखर नॉर्मल दिसते आणि रक्तात आम्ल वाढत जातं. हे ज्यांनी न विचारता स्वतःहून सांगितलं, त्यांच्या खात्यात एक गुण जास्त धरा.

प्रश्न : आमच्या गावातल्या हॉस्पिटलात महिन्यातून दोन शनिवारी मोठ्या शहरातले सर्जन येऊन ऑपरेशन करतात. नावापुढे एमएस, एफएमएएस, एफआयएजीईएस अशी लांबलचक रांग आहे. यातलं खरं वजन कशाला?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पाया एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी हा, तेवढी वर्षं त्यासाठी मोजलेली असतात. एफएनबी मिनिमल ॲक्सेस (दुर्बिणीतून शस्त्रक्रिया) हे राष्ट्रीय परीक्षा मंडळाचं दोन वर्षांचं प्रशिक्षण आहे, एमसीएच सर्जिकल गॅस्ट्रो तीन वर्षांचं. एफएमएएस, एफआयएजीईएस ही सर्जनच्या संघटनांची प्रमाणपत्रं आहेत, थोड्या दिवसांचा कोर्स आणि परीक्षा. दुर्बिणीच्या कामाची गोडी आणि प्राथमिक तयारी त्यातून दिसते. बेरिॲट्रिकचा, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनांचा, अनुभव दिसत नाही. बेरिॲट्रिकची वर्षभराची फेलोशिप कुठे आणि कोणाच्या हाताखाली केली, हे विचारा. संघटनेचं सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नोंदणी चालू आहे का ते तपासा. ती दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते.

पण तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट पदव्या नाहीत, शनिवार आहे. शनिवारी ऑपरेशन, रात्री सर्जन परतीच्या गाडीत, सोमवारी तुम्ही घरी. रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत होतो, तो निदान हॉस्पिटलात असताना कळतो. गळती मात्र बरेचदा घरी गेल्यावर, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात डोकं वर काढते. आणि जाड माणसाचं पोट आतून बिघडलं तरी वरून मऊच लागतं. पहिली खूण नाडी देते : बसल्या जागी 120 च्या वर, कारण सापडत नाही. सोबत ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणं. हे 'गॅस' म्हणून ज्यांनी रात्रभर ढकललं, त्यांचे हाल झाले आहेत.

म्हणून शनिवारच्या सर्जनना न विचारता हॉस्पिटलच्या मालक डॉक्टरांना विचारा : बुधवारी रात्री दोनला माझी नाडी 130 झाली तर कोण येईल? त्यांनी स्वतः बेरिॲट्रिक रुग्ण सांभाळले आहेत का? रात्री सीटी स्कॅन होतो का, आणि त्या टेबलाची वजनाची मर्यादा किती? (हा प्रश्न वरवर विचित्र वाटतो, पण 180 किलोच्या माणसाला मशिनवर चढवता येत नाही हे मध्यरात्री कळणं फार वाईट.) स्टेंट (गळतीची जागा आतून झाकणारी नळी) बसवणारे एंडोस्कोपीतज्ज्ञ शहरात आहेत का? उत्तरं डळमळीत आली, तर सर्जन तेच ठेवा, पण ते जिथे रोज असतात तिथे जाऊन ऑपरेशन करून घ्या. नंतरचे दहा-बारा दिवस त्याच शहरात नातेवाइकांकडे मुक्काम ठोका.

प्रश्न : बीएमआय 33 आहे आणि मधुमेह आहे. कॅशलेस नाकारलं. हॉस्पिटलचे मदतनीस म्हणतात, "कागदावर वजन थोडं वाढवून देऊ." चालेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. आणि असं सुचवणारं हॉस्पिटलही सोडा.

वैद्यकीयदृष्ट्या तुमची मागणी गैर नाही. 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी निकष बदलले : बीएमआय 35 च्या वर कोणालाही, 30 ते 35 मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर, आणि आशियाई लोकांसाठी उंबरठा 27.5 पर्यंत खाली. पण विमा कंपन्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) ठरावीक कलमावर चालतात. तिथे बीएमआय 40 लागतो. किंवा 35 आणि सोबत हृदयाचा ठरावीक आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबणं), किंवा आटोक्यात नसलेला टाइप 2 मधुमेह. आधीचे सौम्य उपाय फसलेले असावे लागतात आणि वय किमान 18. तुमचा 33 या जाळीतून जात नाही.

खोटं वजन लिहिलं की दावा फेटाळला जातोच, शिवाय पॉलिसीही जाऊ शकते. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या मात्रा त्याच कागदावरच्या वजनावरून ठरतात, ते वेगळंच.

ज्यांचा बीएमआय 35 च्या वर आहे त्यांनी मात्र कागद आजपासून जमवावेत : आहारतज्ज्ञांच्या भेटी, औषधं, तारखेसह वजनाच्या नोंदी, झोपेच्या चाचणीचा अहवाल. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी पाहा. आधीपासूनच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त 3 वर्षं असू शकतो. निकषात बसूनही नकार आला, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जा, तिथे फी नाही.

प्रश्न : एका शिबिरात इतरांपेक्षा जवळपास निम्म्या किमतीत 'ऑल इन्क्लुझिव्ह' पॅकेज सांगितलं. एवढा फरक का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बिलाचा मोठा हिस्सा सर्जनच्या फीचा नसतो, स्टेपलरचा असतो. एका स्लीव्हला साधारण 5 ते 6 काडतुसं (टाके भरलेले सुटे भाग) लागतात. एक काडतूस एकदाच चालतं. जठर खालच्या टोकाला जाड आणि वर पातळ असतं, म्हणून खाली उंच टाक्यांचं काडतूस वापरतात, वर कमी उंचीचं. रंगावरून ते ओळखलं जातं. जाड भागावर बुटके टाके मारले तर ते नीट मिटत नाहीत. पातळ भागावर उंच टाके मारले तर रक्त थांबत नाही.

काटछाट इथेच होते. काडतुसं धरणारी 'गन' एका रुग्णासाठी बनलेली असते, ती धुऊन दुसऱ्याला वापरली जाते. काप घेणाऱ्या ऊर्जेच्या उपकरणांचंही तसंच. तेव्हा लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात हे मागा : काडतुसं किती धरली आहेत, जास्त लागली तर कोण भरणार, गन नवी का, आणि वापरलेल्या प्रत्येक काडतुसाचं बॅच नंबरचं स्टिकर केसपेपरवर लावणार का. स्टिकरचं नाव काढताच चेहरा उतरला तर समजून जा.

'ऑल इन्क्लुझिव्ह'मध्ये आयसीयूचा एक दिवस, 30 दिवसांत पुन्हा भरती व्हावं लागलं तर तो खर्च, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं तर तो, हे तिन्ही आहेत का? सहसा नसतात.

डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण मिळवायचे नाहीत, असा 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. आधी-नंतरचे फोटो लावून शिबिर भरवणाऱ्यांनी तो वाचलेला नसावा.

प्रश्न : आम्ही लंडनजवळ राहतो. एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) यादी लांब आहे. 15 दिवसांच्या सुट्टीत पुण्याला येऊन ऑपरेशन उरकता येईल का?
— एक वाचक, इंग्लंड

उत्तर : ऑपरेशन उरकेल. पण गळतीचा काळ आणि तुमचं परतीचं विमान एकाच आठवड्यात येतं. ऑपरेशननंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका काही आठवडे राहतो आणि नऊ-दहा तास खुर्चीत अडकून बसणं त्यात भर घालतं. लांबचा विमानप्रवास चार आठवडे टाळावा, असं बरीच केंद्रं सांगतात. म्हणजे सुट्टी सहा आठवड्यांची हवी, दोन आधीच्या तपासण्या आणि आहारासाठी.

त्यानंतरचा प्रश्न अवघड आहे. इंग्लंडमध्ये ऑपरेशननंतर किमान दोन वर्षं त्याच केंद्राने पाहायचं अशी शिफारस आहे. परदेशात केलेल्या ऑपरेशनचं तातडीचं दुखणं एनएचएस बघेल. नियमित तपासण्या तुमचे जीपी (तिथले फॅमिली डॉक्टर) करतीलच असं गृहीत धरू नका, तिकीट काढण्याआधी त्यांना लेखी विचारा. आणि एक लक्षात घ्या, दक्षिण आशियाई कुळाच्या लोकांसाठी तिथे बीएमआयचा उंबरठा 2.5 ने खाली धरतात. जीपींनी तो धरून तुमचं नाव पाठवलं आहे का, हे आधी पाहा.

प्रश्न : रोबोटने केलेलं चांगलं का? दीड लाख जास्त सांगतात.
— एक वाचक, पणजी

उत्तर : साध्या पहिल्या स्लीव्हसाठी तेवढे पैसे देण्याजोगा फायदा रुग्णाला दिसत नाही. आधीचं ऑपरेशन फसलं आहे आणि पुन्हा उघडायचं आहे, किंवा वजन फारच जास्त आहे, तिथे काही सर्जनना रोबोट सोयीचा पडतो. तरी हात सर्जनचाच.

प्रश्न : पत्नीचा बायपास सहा वर्षांपूर्वी झाला, वजन 42 किलोने उतरलं. सर्जन आता परदेशी गेले. दोन महिन्यांपासून जेवणानंतर डाव्या बरगडीखाली मुरडून कळ येते आणि तासाभरात जाते. सोनोग्राफी नॉर्मल. जवळचे डॉक्टर ॲसिडिटी म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन देतात. नवा सर्जन कसा शोधू?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : शोध या आठवड्यातच घ्या, आणि कळ येऊन दोन-तीन तासांत गेली नाही किंवा उलट्या सुरू झाल्या, तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात न्या.

बायपासमध्ये आतडं वर ओढून जोडताना त्याच्या पडद्यांत दोन फटी तयार होतात. वजन उतरलं की पडद्यातली चरबी झिजते आणि फटी रुंदावतात. एखादी वेढी तिथे शिरते, पिळते, सुटते. सुटली की कळ जाते, म्हणून मधल्या काळातली तपासणी नॉर्मल येते. एखाद दिवशी ती सुटत नाही, रक्तपुरवठा बंद पडतो आणि मग हातात तास उरतात. नवा सर्जन असा बघा जो बायपास नियमित करतो. त्याला एवढंच विचारा, 'सीटी नॉर्मल आला तरी कळ चालू राहिली तर तुम्ही काय कराल?' दुर्बिणीतून आत बघून फटी शिवू, असं उत्तर यायला हवं. 'गॅसच्या गोळ्या देऊ' म्हणणाऱ्याकडून उठा.

डायक्लोफेनॅक आणि त्या जातीची वेदनाशामकं बंद करा. बायपासच्या जोडावर त्यांनी अल्सर होतो, सिगारेटनेही होतो. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल.

जुन्या हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून ऑपरेशनची नोंद मागा. मागितल्यापासून 72 तासांत ती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यात पाहा : आतड्याचे तुकडे किती सेंटिमीटरचे ठेवले, दोन्ही फटी शिवल्या का, न विरघळणाऱ्या धाग्याने का. त्याचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा आणि पत्नीच्या पर्समध्ये एक चिठ्ठी. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा : गॅस्ट्रिक बायपास, ऑपरेशनची तारीख; डायक्लोफेनॅक नको; नाकातून नळी आंधळेपणाने घालू नये; उलट्या झाल्या असतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी1 चं इंजेक्शन द्यावं. शेवटची ओळ मोठ्या अक्षरांत लिहा. अनेक दिवसांच्या उलट्यांनी बी1 संपलेलं असतं, आणि अशा वेळी नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.